बिनक्लचचा उतार

अंडीवाल्याचा डावा हात वरच्या वाडीतल्या फाटकात सापडला, तेव्हा उन्हाळा नुकता तापायला लागला होता. वाऱ्यानं फाटक आपटलं आणि लोखंडी पट्टी अन् दगडी खांब यांच्या मधे त्याची चार बोटं आली. उजव्या हातावर तीस अंड्यांचा ट्रे होता. तो त्यानं आधी खाली ठेवला, नीट ठेवला, आणि मग मटकन बसला. ओरडण्याचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. ओरडली ती वाडीतली कोंबडीवाली आजी.

दवाखान्यात अकरा टाके पडले. डॉक्टर म्हणाले, "शिरा दुखावल्यात. दोन महिने मूठ वळायची नाही. पुढचं पुढे बघू."

"आणि गाडी?"

"गाडी विसरा."

गाडी विसरून कसं चालणार होतं? अठरा वर्षं तो पहाटे मोटरसायकल काढायचा, दोन्ही बाजूंना लाकडी खोकी लटकवायचा आणि टेकडी चढायचा. वर नऊ घरं होती. प्रत्येक घरात दहावीस कोंबड्या. त्यांची अंडी गोळा करायची आणि आठाच्या आत खालच्या बाजारात बेकरीवाल्याकडे पोचवायची. रस्ता असा उखडलेला की टेम्पो वर जायला तयार नव्हता. त्यात या वर्षी उन्हानं कहर केला होता. कोंबड्या चोची वासून सावलीला पडून राहायच्या. अंडी निम्म्यावर आलेली, कवचं कागदासारखी पातळ, आणि तीन दिवस पडली की आतून फिसकटलीच. अंडीवाला गेला नाही, तर वरच्या बायकांची मेहनत उकिरड्यावर जाणार होती.

बेकरीवाला माणूस वाईट नव्हता, पण त्याची भट्टी कुणासाठी थांबत नव्हती. "चार दिवस दम धरतो," तो म्हणाला. "पाचव्या दिवशी दुसरीकडून माल घेतो. एकदा घेतला की पुन्हा बदलत बसणार नाही, सांगून ठेवतो."

गाडी उजव्या हातानं चालते असं न चालवणाऱ्याला वाटतं. उजव्या मुठीत रेस असते, पुढचा ब्रेक असतो. पण डाव्या मुठीतला क्लच दाबल्याशिवाय गिअरला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही, हे शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतात. अंडीवाल्यालाही तसंच सांगितलेलं होतं आणि त्यानं ते अठरा वर्षं पाळलं होतं.

"मी दाबते क्लच," बायको म्हणाली.

"तू?"

"मागं बसून. तुमच्या बगलेतून हात घालीन. तुम्ही सांगा दाब, मी दाबते. त्यात काय अवघड आहे?"

अवघड होतंच. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मागे बसली, त्याच्या डाव्या काखेतून हात पुढे काढला आणि क्लच धरला. तिचा गाल त्याच्या पाठीवर दाबला गेला. इतक्या वर्षांच्या संसारात ती दोघं इतकी चिकटून कधी कुठं गेली नव्हती.

"दाब." त्यानं पहिला गिअर टाकला. "आता सोड. हळू... अगं हळू!"

गाडीनं उडी मारली आणि बंद पडली.

"सोड म्हणालात, सोडला!"

"हळू सोड म्हणालो."

"ते नंतर म्हणालात."

गल्लीच्या तोंडाशी राहणारा न्हावी दात घासत ओट्यावर उभा होता. तो फेस थुंकून म्हणाला, "काय हो, दोघांत मिळून एकच गाडी का? मग एक ब्रेकला पण माणूस ठेवा!" गल्लीतली दोनचार जणं हसली. अंडीवाला खाली बघून किक मारत राहिला.

तरी जमलं. कसंबसं जमलं. चढावर तिचा हात आखडायचा, बोटांत पेटके यायचे, मग ती दात आवळून म्हणायची, "थांबू नका, चला." खड्ड्यात तिचं डोकं त्याच्या पाठीवर आपटायचं. वाडीतल्या बायका तिला पाणी द्यायच्या आणि तोंडावर पदर धरून हसायच्या. पहिल्या दिवशी एकोणीस अंडी फुटली, दुसऱ्या दिवशी अकरा.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बायकोनं त्याच्या हाताची पट्टी बदलली, तेव्हा त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तिच्या हातांना कांद्याचा वास नव्हता. ती वखारीत कांदे निवडायला जायची. कितीही साबण लावला तरी तो वास तिच्या बोटांतून कधी गेला नव्हता.

"वखारीत गेली नाहीस?"

ती पट्टीला गाठ मारत राहिली.

"किती दिवस?"

"परवापासून. साडेनऊला पोचत होते. मुकादम म्हणाला, आठ म्हणजे आठ, नाहीतर घरीच बसा. चारचौघींत म्हणाला." तिनं कात्री डब्यात टाकली. "जाऊ द्या. तुमचा हात बरा झाला की जाईन परत."

"उद्या माझ्याबरोबर येऊ नकोस," तो म्हणाला.

"मग अंडी उडत येणार का?"

त्यानं चपला घातल्या.

तो मेकॅनिककडे गेला. मेकॅनिक त्याच्याच वयाचा, एका बाकावर शिकलेला. "क्लच उजवीकडे लावून दे," अंडीवाला म्हणाला.

"लावतो की. आणि पुढचा ब्रेक कुठं लावू, तुझ्या कानाला? त्या टेकडीवरून एका ब्रेकवर उतरणार आहेस का?"

"मग क्लच न दाबता गिअर टाकला तर?"

मेकॅनिकनं हातातला पाना खाली ठेवला. "हे बघ, गिअरबॉक्समधे दाते असतात. क्लच न दाबता तू त्यांच्यावर लाथ घातलीस की ते एकमेकांना खातात. महिन्याभरात पीठ पडेल आतून. मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

घरी येऊन त्यानं बायकोला हे सांगितलं. खाटेवर म्हातारा बसला होता, अंडीवाल्याचा बाप. त्याला घरात, गल्लीत, सगळे आबाच म्हणायचे. आबांनी अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवला होता. आता दोन्ही डोळ्यांत पडदा आलेला, उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. बापलेकात फारसं बोलणं नसायचं. मुलगा लहान होता तेव्हा बाप रस्त्यावर होता, आणि बाप घरी बसला तेव्हा मुलाची बोलायची सवय गेली होती.

"पडतो," आबा म्हणाले.

"काय?"

"बिनक्लचचा गिअर. पडतो. क्लच लागतो तो गाडी उभी असली तर. एकदा चाक फिरायला लागलं की क्लचचं काही काम नाही. कान पाहिजे फक्त."

अंडीवाल्यानं बापाकडे बघितलं. "खरंच पडतो?"

"मेकॅनिकला उघडलेली गाडी माहिती असते," आबा म्हणाले. "धावती नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं वाडीत निरोप धाडला, बेकरीवाल्याच्या हातापाया पडून आणखी दोन दिवस मागून घेतले आणि बापाला गाडीवर बसवून गावाबाहेरच्या कोरड्या तळ्यात नेलं. तळ्याचा गाळ वाळून घट्ट झाला होता, मोठ्या मोठ्या भेगा पडलेल्या. बायकोनं गाडी ढकलत न्यायला मदत केली, तळ्यात रेटा देऊन ती चालू करून दिली आणि मग ती वखारीकडे पळाली. मुकादमाच्या विनवण्या करून तिनं पुन्हा काम धरलं होतं.

आबा मागे बसले, दोन्ही हात मुलाच्या खांद्यावर. "आधी रेस सोड. नाही, पूर्ण नको सोडू. इंजिन ओढायचंही थांबलं पाहिजे आणि अडवायचंही नाही, मधोमध. तिथं गाडी श्वास सोडल्यासारखी होते बघ. तेव्हा पाय. पाय आधीपासून टेकलेला असू दे. मारू नको. विचार तिला, जाऊ का म्हणून."

अंडीवाल्यानं विचारलं. गाडीनं कर्र करून असं उत्तर दिलं की त्याच्या दाढा शिवशिवल्या.

"उशीर झाला," आबा म्हणाले. "मी सांगतो. मी 'आता' म्हटलं की."

सकाळचं ऊन चढेपर्यंत ते दोघं त्या तळ्यात गोल गोल फिरत राहिले. कर्र, धक्का, शिवी. कर्र, धक्का. धक्का बसला की लेकाचा दुखरा हात दांडीवर आपटायचा आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. बापाच्या टकलावर घामाचे ओघळ. आणि मग कधीतरी, कितव्या फेरीला कोण जाणे, आबांनी "आता" म्हटलं आणि पायाखाली नुसतं टिक झालं. धक्का नाही, आवाज नाही. गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली.

 अंडीवाल्यानं आणखी एक फेरी मारली, तेच परत जमतंय का ते बघायला. जमलं.

खालचा गिअर टाकायची तऱ्हा उलटी होती. तिथं रेसला एक हलका पीळ द्यायचा, इंजिनला थोडं वर उचलायचं आणि मग पाय. ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोडंफार आलं. सपाटीवर आलं.

मग पहाटे तीच गाडी टेकडीला लागली, बायकोच्या जागी बाप. रोजचा एक क्रम ठरून गेला. बायको दारातून गाडी ढकलायची, चाक फिरायला लागलं की तो पहिला गिअर टाकायचा, एक हिसका बसायचा आणि गाडी निघायची. वाटेत थांबायचं नाही. कुणी हात केला तरी थांबायचं नाही, कारण थांबलं की पुन्हा ढकला. वाडीत घरोघरी उतार होता, तिथं गाडी नुसती सोडली तरी चालायची. न्हाव्याला हसायला नवीन खाऊ मिळाला. "आता आंधळा वाट दाखवतोय का?" तो म्हणाला. हे आबांनी ऐकलं. त्यांनी मान दुसरीकडे फिरवली.

अंडी फुटायची. आठ, सहा, बारा, पुन्हा सहा. फुटलेली रात्रीच्या जेवणात यायची. "एक दिवस मलाच पिसं फुटतील," बायको म्हणाली, आणि खूप दिवसांनी घरात तिघं एकदम हसली.

हाताला लागून पंधरवडा झाला असेल. त्या दिवशी वाडीत आजीच्या दोन कोंबड्या उन्हानं मेल्या होत्या, ती बोलत बसली आणि उशीर झाला. खोकी भरलेली, ऊन तोंडावर. अंडीवाला उतरताना जरा घाईत होता. मोठं वळण येण्याआधी दुसरा गिअर टाकायचा असतो, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं. त्यानं रेसला पीळ दिला, पाय दाबला, आणि पाय मऊ कशात तरी रुतल्यासारखा झाला. गिअर तिसऱ्यातून निघाला होता, दुसऱ्यात गेलाच नव्हता. मधेच कुठं तरी लटकला. इंजिनचा आवाज खाली बसला आणि गाडी मोकळी सुटली.

त्यानं मागचा ब्रेक दाबला. तो आधीच तापलेला होता, नुसता वास आला. पुढचा दाबला तशी खडीवर चाक सरकलं. तो त्यानं सोडून दिला.

"आबा, पडला नाही! काय करू?"

खांद्यावरची बोटं घट्ट रुतली. मागून आवाज नाही.

"आबा!"

काही नाही. वळण समोर आलं, वळणापलीकडची मोकळी हवा दिसली. अंडीवाल्याचा डावा पंजा आपोआप क्लचवर गेला, बोटं वळायला गेली आणि हातातून खांद्यापर्यंत विस्तव चढला. तो हात त्यानं टाकून दिला. मग उजव्या मुठीनं रेस पिळली, खूप पिळली. इंजिन किंचाळायला लागलं, आणि त्या किंचाळण्यातच त्याला एक जागा सापडली. तिथं त्यानं पाय दाबला.

खट्.

मागचं चाक घासत गेलं, गाडी आडवी व्हायला बघत होती, मग सरळ झाली. दुसऱ्या गिअरनं तिला मानगुटीला धरलं. वळण गेलं.

खाली सपाटीवर मोरी होती, तिथं त्यानं गाडी उभी केली. स्टँड दुसऱ्या खेपेला लागला. डाव्या खोक्यातून बलक गळत होता. सायलेन्सरवर पडून तो चुरचुरत शिजत होता. पट्टीवर लाल डाग पसरला होता. आबा मोरीच्या कठड्याला चाचपडत जाऊन बसले.

"बोलला का नाहीत?" तो ओरडला. "मी विचारत होतो! काय करायचं ते सांगायचं नाही?"

आबांनी तोंडावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं."

"काय ठाऊक नव्हतं?"

"मी आयुष्यात बिनक्लचचा गिअर टाकलेला नाही."

अंडीवाल्याला आधी ते कळलंच नाही.

"जोडीला एक ड्रायव्हर होता. डावा गुडघा गेलेला त्याचा. मालकाला कळलं असतं तर घरी बसवलं असतं, म्हणून क्लचवर पायच ठेवायचा नाही. सहा वर्षं मी शेजारी बसून ऐकलं. कधी रेस सोडतो, कधी टाकतो. तोंडपाठ झालं होतं. पण मी चालवायला बसलो की क्लच दाबायचो. भीती वाटायची."

"आणि उतारावर? उतारावर त्याचा चुकायचा तेव्हा तो काय करायचा?"

"शिव्या द्यायचा," आबा म्हणाले. "आणखी काय करायचा ते मी बघितलं नाही. मी डोळे मिटून घ्यायचो."

अंडीवाल्यानं सायलेन्सरवर शिजलेलं अंडं काडीनं खरवडलं. त्याला बापाला खूप काही बोलायचं होतं. "मेलो असतो मी," एवढंच तो म्हणाला.

"मी पण मागंच होतो," आबा म्हणाले.

तिथून निघताना ढकलायला तिसरं माणूस नव्हतं. शेवटी आबाच उतरले, कॅरिअरला धरून चौऱ्याहत्तर वर्षांच्या अंगानं रेटायला लागले. दोनदा गुडघ्यावर पडले. तिसऱ्यांदा गाडी निघाली तेव्हा अंडीवाल्याला ती पुढच्या चढापर्यंत नेऊन, वळवून, परत बापापाशी आणावी लागली. चालत्या गाडीवर म्हातारा कसा चढला ते त्याचं त्यालाच ठाऊक.

बेकरीवाल्यानं घड्याळाकडे बघितलं. भिंतीशी दुसऱ्या कुणाचे तरी अंड्यांचे ट्रे लावलेले होते. "आजच्यापुरते मागवले," तो म्हणाला. "तुझेही घेतो. पण उद्या आठ म्हणजे आठ."

दुपारी डॉक्टरांनी पट्टी सोडली. दोन टाके उसवले होते, ते त्यांनी पुन्हा घातले आणि त्याला फैलावर घेतलं. मग मधली दोन बोटं हातात धरून वाकवली. वाकली नाहीत. सुई टोचली. "कळतं का?" नाही कळत. डॉक्टरांचा आवाज खाली आला. "ही दोन अशीच राहतील. बाकीची थोडीफार चालतील. क्लच ओढण्याएवढा जोर यायचा नाही या पंजात."

"दोन महिन्यांनी?"

"कधीच नाही."

घरी त्यानं हे बायकोला सांगितलं, तेव्हा आबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी ऐकलं असणार. बायकोनं एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा सासऱ्याकडे. "तुमच्यात काय झालंय?" तिनं विचारलं. दोघांनीही काही नाही म्हटलं. ती वखारीतून आली होती, दिवसभर ओणवी बसून तिची कंबर धरली होती. तिनं पुन्हा विचारलं नाही. जेवणं झाली, भांडी झाली, आणि तिघंही अंग टाकून झोपली.

पहाटे अंडीवाल्यानं खोकी लटकवली. आबा जागे होते, पण उठले नाहीत.

"आबा, चहा झालाय," बायको म्हणाली.

"मी नाही जात आज," आबा म्हणाले. "ओझं उगाच."

अंडीवाल्यानं ऐकलं आणि तो बाहेर आला. बायकोनं मागून रेटा दिला, चाक फिरलं, त्यानं पाय टेकवला. टिक. गाडी पहिल्यात पडली आणि गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. तिथं गाडीनं श्वास सोडला आणि तो न चुकता दुसऱ्यात गेला. मागं कुणी काही सांगायला नव्हतं तरी गेला. पाठ मोकळी होती, वारा लागत होता.

न्हाव्याच्या घरापुढे त्यानं गिअर काढला, ब्रेक दाबला आणि सपाट रस्त्यावर गाडी उभी केली.

बायको दारातून धावत आली. "काय झालं? बंद पडली?"

"नाही. आबांना घेऊन ये."

"इथं कशाला थांबलात मग? आता दोघांना ढकलू का मी?"

"ढकल."

ती काहीतरी पुटपुटत परत गेली आणि आबांचा हात धरून त्यांना घेऊन आली. त्यांनी सदरा उलटा घातला होता. गाडीला हात लावून ते तसेच उभे राहिले. न्हावी ब्रश तोंडात धरून बघत होता.

"मी येऊन काय करू?" आबा म्हणाले. "मला काय येतंय?"

"चढावर सांगा," अंडीवाला म्हणाला. "उतारावर गप्प बसा."

 आबांनी मुलाचा खांदा शोधला आणि ते मागे बसले. बायकोनं पदर खोचला, दोन्ही हात कॅरिअरवर टेकले आणि चपला खडीत रोवल्या. गाडी हलेना. तिनं पुन्हा जोर लावला. अंडीवाल्यानं दोन्ही पायांनी जमीन रेटली. न्हाव्यानं ब्रश खिशात घातला, तोंडातला फेस तसाच ठेवून तो आला आणि तिच्या शेजारी खांदा लावून उभा राहिला.

गाडी निघाली. ती वळणाआड जाईपर्यंत बायको कमरेवर हात ठेवून धापा टाकत रस्त्यात उभी होती. मग वखारीची वेळ झाली म्हणून ती घराकडे वळली.